मिशी दिसली की गाडी पास

टायरवाल्याच्या दुकानामागे पत्र्याची एक लांबट शेड आहे. आत दोन गाड्या मावतात. तिसरी आली तर तिच्या मालकाला गाडीसकट बाहेर ताटकळावं लागतं. शेडवर पाटी नाही. झिलईमामांकडे जायचंय असं कोपऱ्यावरच्या कोणालाही सांगा, तो हातातलं काम न सोडता हनुवटीने वाट दाखवतो.

झिलईमामा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते लोकांनी चिकटवलं आणि पक्कं बसलं. वय सत्तावन्न, अंगकाठी शिडशिडीत, खांद्यावर निळं फडकं, वरच्या खिशात स्टीलचा कंगवा आणि नाकाखाली अशी भरघोस मिशी, की नवखं गिऱ्हाईक पहिली पाच मिनिटं मामांशी नव्हे, मिशीशीच बोलतं. गेली तीस वर्षं मामा एकच काम करत आलेत: लोकांच्या गाड्यांच्या रंगावर पॉलिमर सीलंटचा थर चढवणं.

"म्हणजे मेणच ना?" असं कोणी विचारलं की मामांच्या कपाळावर आठी चढते.

"मेण उन्हात वितळतं. दीड महिन्यात राम राम. हे पॉलिमर आहे, रंगाला धरून बसतं. सायीहून पातळ आणि काचेसारखं साफ. सहा महिने पाऊस, धूळ, पाखरांची कृपा, सगळं वरच्या वर. पाणी टाकून बघा, थेंब कसे पळतात. मास्तर आल्यावर पोरं पळतात तसे."

गाडी धुणं हे मेहुण्याचं खातं. मेहुणा म्हणजे मामींचा धाकटा भाऊ. पंचेचाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, डावखुरा आणि रोज सकाळी दाढीमिशी सफाचट करून येणारा. धुवायची-पुसायची पिवळी फडकी त्याची. सीलंट पुसायची निळी फडकी मामांची. निळी फडकी मामा स्वतः धुतात, स्वतः वाळवतात, घड्या घालून पेटीत ठेवतात आणि पेटीची किल्ली जानव्यासारखी जपतात. पिवळं फडकं सीलंटला लागता कामा नये, असा कायदा. का, तर त्याचे तंतू सुटतात. मेहुण्याने एकदा "नवं पिवळं आहे, नाही सुटत" म्हणून बघितलं होतं. त्याला अर्धा तास तंतूंवर व्याख्यान ऐकावं लागलं. पुन्हा त्याने विषय काढला नाही.

गाडी धुऊन झाली की मामा हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवतात आणि रंगावरून तळवा फिरवतात. उघड्या हाताला जे गुळगुळीत वाटतं, तेच पिशवीतून खरखरीत लागतं. ती खरखर घालवायची, बारीक चरे पॉलिशने घालवायचे आणि मग गाडी सावलीत घ्यायची. सावली हा मामांचा दुसरा कायदा. तापलेल्या पत्र्यावर सीलंट भाजून निघतं, मग पुसलं तरी फराटे राहतात. म्हणून मामा आधी बॉनेटला हाताची पालथी बाजू लावतात, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. गार लागलं तरच बाटली उघडायची. हात भरून नाही, थेंबभरच घ्यायचं. थर धुकट झाला की बोटाने एक रेघ ओढून बघायची. रेघ साफ उमटली की निळं फडकं.

त्यानंतर चार वाजतात. मामा समोरच्याच गल्लीत घरी चहाला जातात, तेवढ्यात थर जरा बसतो. परत आले की परीक्षा. मामा बॉनेटवर वाकतात, डावा डोळा मिटतात, खिशातून कंगवा काढतात आणि बॉनेटमध्ये बघून मिशी विंचरतात. मिशीचा केस न् केस सुटा दिसला की गाडी पास. नाही दिसला, तर मालक कितीही घाईत असो, गाडी शेडमध्येच राहते. एका वरातीची गाडी मामांनी अशी दीड तास अडवून धरली होती. नवरदेव टायरवाल्याच्या बाकावर बसून होता.

"भाऊजी, मीही बघू शकतो की," मेहुणा म्हणायचा.

"कशात बघणार? तुला मिशी आहे का?"

"भुवया आहेत."

"भुवया कोणालाही असतात."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग गेल्या वर्षी कधीतरी मिशी धूसर दिसायला लागली.

मामांनी आधी बाटलीला दोष दिला. कंपनीने माल हलका केला म्हणाले आणि दुसऱ्या दुकानातून बाटली आणली. मग फडक्यांना दोष दिला, नवी निळी फडकी आणली. मग पाण्याला. मग शेडच्या पत्र्याला, तो म्हणे पूर्वीइतका उजेड आत सोडत नव्हता. पत्रा पूर्वीही उजेड सोडत नव्हता, तो पत्रा होता. मेहुणा मूग गिळून गाड्या धूत राहिला, कारण दोष द्यायला शेडमध्ये आता फक्त तोच उरला होता.

मग मामांनी एक गोष्ट केली, जी करणाऱ्याला त्यांनी स्वतः शेडबाहेर हाकललं असतं. सीलंट लावायला ते गाडी उन्हात काढू लागले. आत धुकट थर दिसायचाच नाही, बाहेर निदान थोडा दिसायचा. सावलीचा कायदा त्यांनी स्वतःच मोडला आणि मोडताना इकडे तिकडे बघितलं, जसं काही कायदा करणारा दुसराच कोणी होता.

घरी मामींना वेगळ्याच खुणा दिसत होत्या. मामा चहा बशीत ओतताना थोडा टेबलालाही पाजत. मिशीची डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर लांब झाली होती.

"अहो, एकदा डोळे दाखवून या ना."

"डोळ्यांना काय झालंय? उजेड कमी झालाय सगळीकडे."

"सगळीकडे?"

"बहुतेक ठिकाणी."

मामांची भीती निराळी होती. कोपऱ्यावर एक पाटी रंगवणारा होता, मामांच्याच वयाचा. डोळ्यांना विश्रांती द्या असं कोणीतरी सांगितलं म्हणून त्याने ब्रश ठेवला. तेव्हापासून तो टायरवाल्याच्या बाकावर बसून असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला किती वाजले विचारतो. उत्तर ऐकून पुन्हा विचारतो. मामांना डॉक्टरची नव्हे, त्या बाकाची धास्ती होती. झिलई न दिसणारा झिलईमामा म्हणजे कोण, हे शोधायला त्यांना दवाखान्यात जायचं नव्हतं.

मामींनी वाद घातला नाही. उलट त्या दिवसांत त्या चार वाजता चहाचा दुसरा कप द्यायला लागल्या, वर बिस्किटं. मामांना वाटलं, तीस वर्षांनी का होईना, बायकोचं प्रेम उतू जायला लागलं. ते खुशीत अर्धा तास जास्त बसत.

अशा दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरबाईंची गाडी आली. गडद निळी. बाई दोन गल्ल्या पलीकडे दवाखाना चालवायच्या, बोलायला सडेतोड आणि वेळेच्या पक्क्या. त्या दिवशी मेहुणा दाढ काढायला गेला होता, म्हणून मामांनी गाडी एकट्यानेच धुतली, उन्हात उभी केली, सीलंट लावलं, पुसलं, चहाला जाऊन आले, मिशी विंचरली आणि गाडी पास केली. मिशी दिसली नव्हती. पण मिशी कुठे असते ते तीस वर्षांत ठाऊक झालं होतं.

चौथ्या दिवशी बाई सकाळीच हजर.

"मामा, जरा बाहेर या."

"पहिल्या दिवशी पाणी लावलंत का?" मामांचा हा ठरलेला पहिला प्रश्न.

"नाही."

"झाडाखाली उभी केलीत?"

"नाही."

"मग धुतलीत कशाने?"

"मामा, अजून धुतलीच नाहीये. आधी बघा तरी."

मामांनी बघितलं. निळं होतं, मोठं होतं, गाडीच होती. बाकी काही कळेना. मेहुणा मागून आला, त्याने बॉनेट पाहिलं आणि मान खाली घालून स्वतःच्या चपला बघायला लागला. बॉनेटभर ढगाळ पट्टे होते, आणि मधे मधे पाण्यावर तेल सांडल्यावर दिसतात तसे रंग.

डॉक्टरबाईंचं सगळं आयुष्य 'मला सगळं दिसतं' म्हणणाऱ्या माणसांना पकडण्यात गेलेलं. त्या मामांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"कंगवा काढा मामा. नेहमी बघता तसं बॉनेटमध्ये बघा. मागे माझी बोटं दिसतात? किती आहेत?"

मामांनी डावा डोळा मिटला. बराच वेळ घेतला.

"पाच."

"तीन," मेहुणा पुटपुटला.

"तू गप्प बस. तुला मिशी नाही."

"यांना तीन दिसली," बाई म्हणाल्या, "म्हणजे बॉनेट अगदीच वाया गेलेलं नाही. आता इकडे बघा." त्यांनी पर्समधून छोटी टॉर्च काढली आणि टायरवाल्याच्या दुकानामागे, उभ्या उभ्या, मामांच्या डोळ्यांत मारली. "मोतीबिंदू. दोन्हीकडे. उजवा चांगलाच वाढलाय."

नेमका उजवा. मामांनी कंगवा खिशात ठेवला, तो दुसऱ्या प्रयत्नात खिशात गेला.

"म्हणजे काम बंद?"

"कोण म्हणालं? सीलंट लावल्यावर धुकट होतं, मग तुम्ही पुसता ना? तुमच्या डोळ्यावर तसंच धुकं आलंय."

"पुसून निघेल?"

"नाही. आतलं भिंगच धुरकट झालंय. ते काढून नवं बसवायचं."

"म्हणजे पॉलिशचं काम नाही, थेट काच बदलायची."

"थेट काच."

मामा आता कारागिराच्या सुरात आले. "सुटा भाग मिळतो?"

"मिळतो की."

"कशाचा असतो?"

"पॉलिमरचा."

मामांनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने डॉक्टरबाईंकडे बघितलं. बाई गंभीर होत्या.

"पॉलिमर," मामा हळूच म्हणाले. "टिकतो किती?"

"जन्मभर."

"मी सहा महिन्यांची हमी देतो तर लोक नाक मुरडतात." त्यांनी एक उसासा सोडला. "बसवा मग. पण आधी तुमची गाडी नीट करून देतो."

"मुळीच नाही. आधी डोळा. तोवर मी ही गाडी अशीच घेऊन गावभर हिंडणार. कोणी विचारलं हे फराटे कोणी काढले, तर सांगेन, झिलईमामांनी."

ही धमकी पुरली. मामा त्याच आठवड्यात दवाखान्यात दाखल झाले. अर्ध्या तासात काम उरकलं. बाहेर येऊन ते मेहुण्याला म्हणाले, "एवढ्या वेळात तर आपली एक गाडी धुऊन होत नाही."

"मी हळू धुतो असं म्हणायचंय का?"

"मी काहीच म्हटलं नाही. माझा डोळा बांधलाय."

घरी मामींचं राज्य सुरू झालं. तीस वर्षं मामा गिऱ्हाइकांना जी यादी म्हणून दाखवत, ती मामींना तोंडपाठ होती. त्यांनी ती मामांच्याच आवाजात म्हणायला घेतली: "पाणी लावायचं नाही. उन्हात काढायची नाही. धुळीत न्यायची नाही. हात लावून बघायचं नाही. आणि काही झालंच तर घासायचं नाही, आधी माझ्याकडे यायचं." मामा कॉटवर पडून ऐकत होते. आपण गिऱ्हाइकांना इतके रागीट वाटत असू याची त्यांना कल्पना नव्हती.

पथ्याचे दिवस संपले, डॉक्टरबाईंनी परवानगी दिली आणि मामा पहिल्यांदा घरच्या आरशासमोर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

"काय झालं?" मामींनी विचारलं.

"ही मिशी पांढरी कधी झाली?"

"वर्ष होत आलं."

"आणि डावीकडे लांब आहे."

"ते सांगितलं तर तुम्ही म्हणालात, आरसा वाकडा आहे."

मामांनी वळून मामींकडे बघितलं. त्यांना बरंच काही दिसलं असणार, पण इतक्या वर्षांच्या संसाराने त्यांना शहाणपण दिलं होतं. "तू आहेस तशीच आहेस," ते म्हणाले आणि कात्री शोधायला गेले.

खरी धडकी रस्त्यावर भरली. आता सगळं लख्ख दिसत होतं, म्हणजे गेल्या सात-आठ महिन्यांत आपण केलेल्या गाड्याही दिसणार. डॉक्टरबाईंच्या गाडीचे हाल पाहता बाकीच्यांची काय दशा असेल? आपण इतके महिने गावाला फराटे वाटत होतो की काय? मामांनी खांद्यावर निळं फडकं टाकलं आणि एकेक गाडी गाठायला निघाले. जिथे फराटा दिसेल तिथे मालकाची माफी मागायची आणि गाडी पुन्हा करून द्यायची, असं मनाशी पक्कं ठरवून.

पाववाल्याची गाडी गाठली. वाकून, डोळा मिटून, कंगवा काढून बघितलं. साफ. मिशी दिसली, त्यातला एक पिवळट केसही दिसला. मग शाळेच्या मुख्याध्यापकांची पांढरी. साफ. औषधवाल्याची काळी, आणि काळ्या रंगावर तर काही लपत नाही. तीही साफ. दुपारपर्यंत नऊ गाड्या झाल्या. माफी मागायची एकही संधी मिळाली नाही. दहाव्या गाडीपाशी मामांची छाती फुगली. डोळ्यांनी दगा दिला, पण हाताने काम सोडलं नाही, असं त्यांना वाटलं. आंधळेपणाने इतकं साफ, तर डोळसपणाने काय करीन, या विचारात त्यांनी गाडीच्या दाराच्या मुठीखाली सहज बोट घातलं.

बोटाला एक पिवळा तंतू आला.

मामांनी तो उन्हात धरून बघितला. मग नंबरप्लेटच्या कडेला वाकले. तिथे आणखी दोन. ते उलट पावली औषधवाल्याकडे गेले. काळ्या गाडीच्या आरशाच्या खाचेत पिवळा तंतू. पाववाल्याच्या दाराच्या फटीत पिवळा तंतू. मुख्याध्यापकांच्या गाडीवर तर तो शोधावाही लागला नाही. सगळे सीलंटच्या थरात अडकलेले, म्हणजे धुताना नव्हे, नंतर आलेले.

फुगलेली छाती हळूहळू बसली. मामा शेडकडे वळले.

मेहुणा बादली घासत होता. मामा टायरवर बसले.

"दाढ कधी काढलीस रे तू?"

"कुठली दाढ?"

"एकच काढलीस ना."

"हां. झाले की दिवस."

"त्या दिवशी चार वाजता इथे कोण होतं?"

"त्या दिवशी? कोणीच नव्हतं."

"तेच म्हणतोय मी." मामांनी खिशातून कागदाची पुडी काढून उघडली. आत आठ-दहा पिवळे तंतू होते.

मेहुण्याने बादली खाली ठेवली. "भाऊजी, रागावणार असाल तर आधी चहा पिऊन या."

"चहा पिऊनच तर हे सगळं झालं." मामा थांबले. मग त्यांच्या डोक्यात आणखी एक उजेड पडला. "दुसरा कप. बिस्किटं. तुझी ताईसुद्धा यात आहे?"

"मला अर्धा तास जास्त लागेल, असं तिला सांगितलं होतं. गाडी आत ढकलायची, गार होऊ द्यायची, सीलंट भाजून चिकटलं असेल तिथे परत थेंबभर लावायचं, पुसायचं, आणि तुम्ही यायच्या आत गाडी परत होती तिथे. एका कपात कसं होणार? निळी फडकी तर तुम्ही कुलपात ठेवता."

"मला सांगायचं नाहीस?"

"कसं सांगणार? मला मिशी नाही."

मेहुण्याला वाटलं, आता तंतूंवरचं व्याख्यान सुरू होणार. मामा उठले, पेटी उघडली, वरची चार निळी फडकी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"डॉक्टरबाईंना उद्या गाडी आणायला सांग. डावी बाजू तू करायची, तुझा डावा हात बरा चालतो. आणि पिवळं फडकं दिसलं तर याद राख."

दुसऱ्या दिवशी निळी गाडी सावलीत उभी राहिली. मामांनी बॉनेटला पालथा हात लावला, गार लागलं. जुने फराटे पॉलिशने काढले, मग थेंब थेंब सीलंट. उजवीकडून मामा, डावीकडून मेहुणा, मधे बॉनेटवर दोघांची फडकी भेटली. मामांनी दोन्ही बाजू नव्या डोळ्याने तपासल्या. डावीकडे खोट काढायची त्यांची फार इच्छा होती. सापडली नाही.

चहाला मामा गेले. एकच कप मिळाला. बिस्किटं बंद झाली होती.

परत आले तेव्हा डॉक्टरबाई आलेल्या होत्या. मामा वाकले, कंगवा काढला. बाई मागे उभ्या राहिल्या.

"किती बोटं, मामा?"

"दोन. आणि अंगठीचा खडा सैल झालाय, बसवून घ्या."

बाईंनी अंगठी चाचपून बघितली. खडा खरंच हलत होता. "पुढच्या महिन्यात डावा डोळा," त्या म्हणाल्या. "तेव्हा आठ दिवस शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही."

"आठ दिवस गाड्या कोण पास करणार?"

मामा कंगव्याच्या दात्यांवरून अंगठा फिरवत मेहुण्याच्या सफाचट ओठाकडे बघत राहिले. मेहुण्याने हात नकळत तोंडावर नेला.

"महिना आहे," मामा म्हणाले. "उद्यापासून वस्तरा ओठाखालीच चालवायचा."

महिन्याने मामा काळा चष्मा लावून टायरवाल्याच्या बाकावर बसले होते, पाटी रंगवणाऱ्याच्या शेजारी. शेडमध्ये पाऊल टाकायचं नव्हतं, बाक शेडबाहेर होता, डॉक्टरबाईंनी बाकाचं नाव घेतलेलं नव्हतं. पाटीवाल्याने किती वाजले विचारलं. मामांनी सांगितलं, साडेचार, आणि आता इकडे बघ, म्हणाले.

आत मेहुणा एका लाल गाडीच्या बॉनेटवर वाकला होता. हातात मामांचा स्टीलचा कंगवा. महिनाभराच्या मेहनतीने ओठावर जे उगवलं होतं, ते तो अगदी मन लावून विंचरत होता. गाडीचा मालक तोंडावर रुमाल धरून हसू आवरत होता.

"दिसतात का?" मामांनी बाकावरून विचारलं.

"दिसतात."

"किती?"

मेहुण्याने डावा डोळा मिटून नीट मोजले.

"सगळे अकरा."

"सुटे सुटे?"

"एकमेकांपासून इतके लांब उगवलेत की सुटेच दिसणार, भाऊजी."

"मग दे गाडी," मामा म्हणाले, आणि बाकावर टेकून बसले.